तोंडाला काय लावतेस?

मूळव्याध, कर्ज, मुलाचे बारावीचे मार्क असल्या विषयांवर मराठी माणूस निदान आवाज खाली आणून विचारतो. मुरुमाला ती सवलत नाही. मुरूम दिसला की रस्त्याच्या पलीकडून, मधे दोन रिक्षा आणि एक पीएमपीची बस असतानाही हाक येते, "अगं, तोंडाला काय झालं? काय लावतेस?" विचारणारीला उत्तर नकोच असतं. ते तिच्याजवळ तयार असतं. बस निघून जाईपर्यंत मसूर डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद असा सगळा पाठ सांगून ती भाजी घ्यायला पुढे गेलेलीही असते.

कोथरूडच्या एका घरात अशी एक कन्या आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मुरूम तिच्या कपाळावर येतात, गालांवर येतात आणि ज्या दिवशी फोटो काढायचा असेल त्या दिवशी नेमके नाकाच्या शेंड्यावर येतात. घरात आजी, आई, बाबा आणि धाकटा भाऊ. फोनवर नाशिकची मावशी, नागपूरची आत्या, रत्नागिरीचे काका आणि न्यू जर्सीचा मामा. एका चेहऱ्याचा कारभार बघायला एवढं मंत्रिमंडळ पुरेसं आहे, पण त्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, नैसर्गिक लावावं. दुसरा म्हणतो, ट्यूब लावावी. चेहरा कन्येचा असला तरी तिला मताधिकार नाही.

नैसर्गिक तटाची प्रमुख आजी. रात्रीची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की सहाण बाहेर येते. जायफळ दुधाच्या चार थेंबांत उगाळायचं, हळूहळू, एकाच दिशेने. दिशा बदलली तर गुण जातो, असं आजीच्या आजीने सांगून ठेवलंय आणि तिला उलट विचारायची कुणाची टाप नव्हती. तपकिरी गंध जमलं की ते बोटाने निपटून वाटीत घ्यायचं आणि मुरुमावर ठेवायचं. मुरूम एकदोन असतात तेव्हा हे ठीक असतं. कन्येच्या बाबतीत जायफळ निम्मं संपलं आणि पुढच्या श्रीखंडाला वेलदोड्यावर भागवावं लागलं.

लेप पाच मिनिटांत सुकतो, दहा मिनिटांत ताणतो आणि पंधराव्या मिनिटाला दाराची बेल वाजते. लेप सुकल्यावर हसायचं नसतं, बोलायचं नसतं. कन्या ओठ न हलवता कुरियरवाल्याला ओटीपी सांगते. तो म्हणतो, "काय?" ती पुन्हा सांगते. तो म्हणतो, "ताई, बरं नाही का?" तिसऱ्यांदा सांगताना शेवटच्या आकड्यापर्यंत ती पोचते आणि डाव्या गालाचा अख्खा पोपडा त्याच्या फोनच्या पडद्यावर पडतो.

आजीच्या पाठीशी नुसती आजीची आजी नाही, शास्त्रही आहे. तरुण माणसांच्या तोंडावर उठणाऱ्या या पुटकुळ्यांना सुश्रुतसंहितेत 'मुखदूषिका' म्हटलंय, त्या काटेसावरीच्या काट्यांसारख्या दिसतात अशी नोंद केली आहे, आणि दोष कफ, वात आणि रक्ताच्या माथी मारला आहे. उपायांत लोध्र, वेखंड आणि धने यांचा लेप येतो. धने घरात होते. बाकीचं आणायला कन्येला मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात पाठवलं.

"लोध्र आणि वेखंड द्या."

"वेखंड होय? बाळ किती महिन्यांचं?"

"एकोणीस वर्षांचं."

दुकानदाराने चष्मा वर करून चेहरा बघितला, काही न बोलता पुडी बांधली आणि वर स्वतःच्या बहिणीला कशाने गुण आला तेही सांगितलं. तिला कशानेच आला नव्हता, मुरूम लग्नानंतर आपोआप गेले. "पण ते काय दुकानात मिळत नाही," असंही तो म्हणाला. घरी लेप लागला. धाकटा भाऊ नाक मुरडत म्हणाला, "आई, घरात बारशाचा वास येतोय."

डॉक्टरी पुस्तकांत या सगळ्याचं वर्णन फार रुक्ष आहे. वयात येताना अँड्रोजन वाढतात, त्वचेतल्या तेलग्रंथी जोरात तेल सोडू लागतात, रोमरंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू पोसला जातो आणि शरीर त्याच्याशी भांडायला निघालं की गाल लाल होतो. हा जिवाणू २०१६ पर्यंत प्रोपिओनीबॅक्टेरियम म्हणून ओळखला जात होता. कन्येने हे वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, "नाव बदलून हिंडतोय मेला. कुणाचे तरी पैसे बुडवलेले असणार."

ते बूच डोळ्यांना दिसण्याआधी काही आठवडे आतल्या आत तयार होत असतं. म्हणजे आज उगवलेल्या मुरुमाचा कालच्या मिसळीशी संबंध लावता येत नाही. घरात तो लावला जातोच, कारण मिसळ रंगेहाथ पकडता येते, तेलग्रंथी पकडता येत नाही. रत्नागिरीच्या काकांचं निदान एकच : उष्णता. शेंगदाणे उष्ण, अंडी उष्ण, बाजारचा आंबा उष्ण. काकांनी स्वतः पाठवलेली हापूसची पेटी मात्र उष्ण नाही, कारण ती घरच्या झाडाची. बाबांचा सल्ला, "पाणी पी." हाच सल्ला त्यांनी ताप, डोकेदुखी आणि अकाउंट्सचा पेपर अवघड गेला तेव्हाही दिलेला आहे.

आईच्या मते सगळं अस्वच्छतेमुळे होतं. नाकावरचे काळे ठिपके दाखवून ती म्हणते, "बघ, किती मळ आहे." तो काळा रंग मळाचा नसतो. बूच उघडं पडलं की त्यातलं रंगद्रव्य आणि हवेने बदललेलं तेल काळपट दिसतं. घासून ते जात नाही, उलट त्वचा चिडते. आईने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि डाळीच्या पिठात थोडा जाड रवा मिसळला.

नागपूरच्या आत्याने फोनवरून चॉकलेटवर बंदी घातली. या विषयावर अमेरिकेत १९६९ साली खराखुरा प्रयोग झालेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ६५ जणांना काही आठवडे नेहमीच्या दहापट चॉकलेट असलेला बार खायला घातला, आणि तुलनेसाठी चॉकलेट नसलेला, पण साखर आणि चरबी जवळपास तितकीच असलेला बार दिला. मुरुमांत फरक दिसला नाही. चॉकलेट निर्दोष सुटलं. मग टीकाकारांच्या लक्षात आलं की साखर दोन्ही बारांत होती आणि प्रयोगाला मदत चॉकलेट उत्पादकांची होती. पुढच्या अभ्यासांनी रक्तातली साखर भराभर वाढवणाऱ्या खाण्याकडे बोट दाखवलं. कन्येने हे सगळं प्रामाणिकपणे आत्याला कळवलं. आत्याने चॉकलेटबरोबर साखर, मैदा आणि साबुदाण्याची खिचडीही बंद केली. त्या दिवसापासून कन्या घरात संशोधनाची बातमी देत नाही.

मावशीचा उपाय लिंबाचा. "काही करायचं नाही. अर्धं लिंबू चोळायचं. झणझणलं की समजायचं, काम चालू आहे." झणझणतं याचं कारण लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो आणि निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर ठेवून उन्हात गेलं की त्वचा भाजून निघते, आणि मागे राहिलेले तपकिरी डाग मुरुमापेक्षा जास्त दिवस मुक्काम करतात. कन्या लिंबू लावून भर दुपारी स्कूटरवरून कर्वे रस्त्याने कॉलेजला गेली. एप्रिल होता. संध्याकाळी मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "ऊन कशाला लावलंस? मी फक्त लिंबू सांगितलं होतं."

मधाचा प्रयोग मुंग्यांनी संपवला. टूथपेस्ट कोणत्या तटाची, हे अजून ठरलेलं नाही. खोक्यावर कडुनिंबाचं पान छापलेलं असेल तर ती नैसर्गिक, नुसते दात दाखवलेले असतील तर केमिकल. दोन्हींनी कातडी सारखीच सोलते.

"नॅचरल आहे, त्यानं अपाय काय होणार?" हे वाक्य ज्या महाराष्ट्रात दर दुपारी बोललं जातं, त्याच महाराष्ट्राच्या जंगलात बिब्बा होतो. कोणत्याही कारखान्याचा त्याला हात लागलेला नाही, आणि त्याचं तेल कातडीला लागलं की टरारून फोड येतात. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या अंगावर, कपड्याला धोब्याची खूण असेल नेमक्या त्याच जागी, पुरळ उठू लागलं आणि लष्करी डॉक्टरांनी त्याची वैद्यकीय नियतकालिकात नोंदही केली. खाजकुइलीही शंभर टक्के सेंद्रिय आहे. आजीला हे ऐकवलं तर ती म्हणते, "बिब्बा कुणी तोंडाला फासतं का? अक्कल नको?" मुद्दा बिनतोड आहे. फक्त ही अक्कल लिंबाच्या वेळी माजघरात झोपलेली होती.

हळदीबद्दल मात्र नैसर्गिक तटाने तोंड सांभाळून बोलावं असं कुणी म्हणू शकत नाही. हळद सरकारदरबारी दोनदा जिंकलेली आहे. १९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकलं. म्हणजे कापलेल्या बोटावर हळद दाबणारी प्रत्येक आजी तत्त्वतः पेटंटभंग करत होती. मूळच्या गोव्यातल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, संस्कृत ग्रंथांपासून छापील शोधनिबंधांपर्यंत पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. दुसरी लढाई घरातलीच. विको टर्मरिक हे आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर उत्पादन शुल्क खातं आणि पेंढारकरांची विको कंपनी वर्षानुवर्षं भांडत राहिली, कारण दोन्हींचा कर वेगळा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही हळदीच्या क्रीमपुढे 'हे नक्की काय आहे?' असं विचारावं लागलं, तिथे कोथरूडच्या कन्येची काय कथा.

हळदीत गुण आहेत, सूज उतरवण्याचे आणि जंतूंना आवरण्याचेही. अडचण रंगाची आहे. रविवारी रात्री जरा सढळ हाताने लावलेली हळद सोमवारच्या पहिल्या तासालाही गालावर होती. वर्गातल्या दोघींनी मिठी मारली. "हळद लागली? आणि आम्हाला पत्ताच नाही?" बाईंनीसुद्धा हजेरी घेताना मुलगा काय करतो ते विचारलं.

दुसऱ्या तटाचं मुख्यालय न्यू जर्सीत. मामाला जायफळ म्हटलं की हसू येतं. "अगं, विज्ञान इतकं पुढे गेलंय आणि तुम्ही अजून सहाण घासताय!" दिवाळीत येताना त्याने बदामांबरोबर ॲडापलीनची ट्यूब आणली. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीशिवाय दुकानाच्या फळीवर मिळतं. आपल्याकडे त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते, हे मामाला ठाऊक नव्हतं, आणि ट्यूबबरोबरचा कागद वाचायची पद्धत त्यांच्याकडेही नाही. कन्येने जायफळाच्या सवयीने मुरुमागणिक एकेक ढीग ठेवला. चौथ्या दिवशी चेहऱ्याचे पापुद्रे निघू लागले. आजी म्हणाली, "केमिकल!" मामा म्हणाला, "काम चालू आहे." मावशीचं लिंबू आणि मामाची ट्यूब यांचं ब्रीदवाक्य एकच निघालं.

या तटाला टक्क्यांचं वेड आहे. कन्येच्या मैत्रिणीच्या आरशासमोर नायसिनमाइड १० टक्के, ग्लायकोलिक ७ टक्के, सॅलिसिलिक २ टक्के अशा बाटल्या मांडलेल्या असतात. कुठली कुठलीच्या आधी लावायची, कुठली कुठलीशी भांडते, कुठली सकाळी चालत नाही, याचं वेळापत्रक कपाटाच्या दाराला चिकटवलंय. ते पाळता पाळता सकाळचं पहिलं लेक्चर बुडतं. दहावीला तिला विज्ञानात जेमतेम पास करून सोडलं होतं; आता ती आम्लांची नावं झोपेतही सांगते.

टक्क्यांच्या या गणितात एकदा रत्नागिरीच्या काकांनी लक्ष घातलं. "सॅलिसिलिक म्हणतेस ते किती टक्के?"

"दोन."

"दोन? माझ्या कुरुपाच्या पट्टीवर चाळीस लिहिलंय. उगाच महाग बाटली घेऊन बसलीस. दोन पट्ट्या पाठवतो."

पट्ट्या खरंच कुरियरने आल्या. पायाच्या तळव्याचं घट्ट कातडं सोलून काढायला चाळीस टक्के लागतात आणि गालाला दोन पुरतात, हे काकांना समजावण्यात बाबांचा एक संपूर्ण रविवार गेला. शेवटी काका म्हणाले, "ठेवून द्या घरात. कुणाला तरी लागतील."

गंमत अशी की हे सॅलिसिलिक आम्ल ज्या वंशावळीतून आलं, तिच्या मुळाशी झाडच आहे. नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडांची, युरोपातल्या विलोची, साल लोक दुखण्यावर चघळत आले. १८२८ मध्ये म्युनिकच्या बुखनर यांनी त्या सालीतून सॅलिसिन वेगळं काढलं आणि त्यातून पुढे सॅलिसिलिक आम्ल निघालं. मुरुमांवर लावलं जाणारं दुसरं, ॲझेलेइक आम्ल गहू, राय, जव यांत सापडतं, आणि माणसाच्या कातडीवर राहणारी एक बुरशी ते स्वतःही तयार करते. ही माहिती दोन्ही तटांना एकाच दिवशी मिळाली. आजी म्हणाली, "मग झाडच लावा की." मामा म्हणाला, "मग कारखान्याचंच लावा की." पुरावा एक आणि निकाल दोन, असं आपल्याकडे फक्त वाटणीच्या खटल्यात घडतं.

बेन्झॉइल पेरॉक्साइडला मात्र झाडाचा आधार नाही. कोळशाच्या डांबराच्या वंशातलं हे रसायन जंतू मारतं, आणि विरंजकही आहे. काही देशांत मैदा पांढरा करायला ते वापरलं गेलंय. अडीच टक्क्यांचं मलम लालसर मुरुमांवर जवळपास दहा टक्क्यांच्या मलमाइतकंच काम करतं आणि त्वचा कमी चिडते, हे बऱ्याच वर्षांपूर्वी तपासून झालेलं आहे. धाकट्या भावाने दुकानातून अर्थातच दहा टक्क्यांचं आणलं, कारण किमतीत फार फरक नव्हता. कन्या ते लावून झोपली. अंगावर आजीची मरून रंगाची सोलापुरी चादर होती. सकाळी चादरीवर नारिंगी ठिपक्यांची रांग, उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिकट प्रदेश, बाबांच्या निळ्या टॉवेलवर बोटांचे ठसे. आजीने चादर उजेडात धरली. "चादरीचं हे झालं, तर तोंडाचं काय होईल?" या वाक्यावर मामाकडेही काही तोड नव्हती. त्याने फोन रेंजमध्ये नसल्याचं सांगितलं. फोनवरच.

समेटाचा एक प्रयत्न आईने केला. ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ रुग्णांवर पाच टक्के टी ट्री तेल आणि पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची थेट तुलना झाली होती. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला. नैसर्गिकही आणि तपासलेलंही, म्हणजे दोन्ही तटांना मान्य होईल, असा आईचा हिशेब. तिने आजीला एवढंच सांगितलं, "टी ट्री चांगलं म्हणतात." दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने गाळणीतला चहाचा चोथा गार करून कन्येच्या गालावर थापला. आलं घातलेल्या चहाचा. ऑस्ट्रेलियातलं ते झाड वेगळं, आपल्या चहाशी त्याचं काही नातं नाही, हे आल्याची आग थांबल्यावर सांगण्यात आलं.

या दोन्ही तटांपेक्षा धोकादायक मनुष्य कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये उभा असतो. तो कुठल्याच तटाचा नाही. तो नुसता चेहरा बघतो आणि मागे हात घालून ट्यूब काढतो. "हे न्या. खूप चालतं." त्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा गुळगुळीत आणि वर गोराही दिसतो, गल्लीभर कौतुक होतं, आणि थांबवलं की सगळं व्याजासकट परत येतं : पुरळ, लाली, पातळ झालेली कातडी, उगवलेले केस. भारतात हे इतक्या चेहऱ्यांवर झालं की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलं आणि त्याविरुद्ध मोहीम उघडली. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं असलेली मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानदाराला नियम माहीत असतो. तो विचारतो, "चिठ्ठी आहे?" गिऱ्हाईक म्हणतं, "नाही." तो म्हणतो, "बरं," आणि ट्यूब देतो. इथे थट्टा करण्यासारखं काही नाही. कन्येच्या घरी ती ट्यूब आली नाही ती केवळ त्या दिवशी दुकान बंद होतं म्हणून.

अखेर चुलतबहिणीचा साखरपुडा तोंडावर आला आणि आईने त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली. आजीही सोबत निघाली, जायफळाची बाजू मांडायला कुणीतरी हवं म्हणून.

"काय काय लावलं आतापर्यंत?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

यादी सुरू झाली. चहाच्या चोथ्यापाशी मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आणि प्रत्येक गोष्ट किती दिवस लावली?"

"तीन-चार दिवस. गुण नाही आला की दुसरी."

"औषधाचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पहिले काही आठवडे जास्तच वाटेल."

"बारा आठवडे?" आई उभी राहिली. "अहो, साखरपुडा बावीस तारखेला आहे!"

"हिचा?"

"नाही, चुलतबहिणीचा."

"मग लोक तिच्याकडे बघतील."

मॅडमनी उजेडात कन्येचं कपाळ बघितलं. ते चमकत होतं. "केसांना तेल कोण लावतं?" आईने आजीकडे बघितलं. आजीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. केसांना लावायच्या चोपड्या तेलांनी कपाळावर पुटकुळ्या येतात, हे फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय, पण आजीचा खोबरेल तेलाचा कार्यक्रम त्याआधीपासून चालू आहे. "तेल लावा, पण कपाळावर ओघळू देऊ नका. रात्रभर ठेवू नका," मॅडम म्हणाल्या. मग चिठ्ठी लिहिली : सकाळी अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, उन्हापासून वाचवणारं क्रीम, रात्री ॲडापलीन, तेही मटारच्या दाण्याएवढं, आणि ते मुरुमावर ठेवायचं नाही, सगळ्या चेहऱ्याला पातळ पसरायचं. म्हणजे मामाने आणलेलीच ट्यूब.

"आणि जायफळ?" आजीने विचारलं.

"कुणाकुणाला झोंबतं. हिला झोंबत नसेल तर मी भांडणार नाही. लिंबू मात्र भाजीत घाला."

आजी जिंकल्याच्या आनंदात घरी आली. डॉक्टरने जायफळ लिहून दिलं, असं तिने जिन्यातच शेजारणीला सांगितलं.

बारा आठवडे कुणी एकच गोष्ट लावू शकतं यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. पाचव्या आठवड्यात मावशीने दालचिनी सुचवली, सातव्यात आत्याने दही बंद करवलं. तरी कन्येने चिकाटी धरली, मुख्यतः परीक्षा जवळ आल्यामुळे; अभ्यास टाळायला चेहरा धुण्यासारखं दुसरं काम नाही. गाल हळूहळू स्वच्छ झाले. मग श्रेयाची वाटणी निघाली. सुटा मुरूम आठवडा-दोन आठवड्यांत आपण होऊन बसतो, त्यामुळे आदल्या रात्री ज्याने जे सुचवलं असेल त्याला ते आपलंच कर्तृत्व वाटतं. आजी म्हणाली जायफळ. मामा म्हणाला, सायन्स. आत्या म्हणाली, साखर बंद केली म्हणून. काका म्हणाले, उष्णता निघून गेली. बाबा काही बोलले नाहीत, नुसता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मावशीने तर लिंबाचा परिणाम उशिरा दिसतो असं सांगून सगळ्यांवर कडी केली.

मॅडमनी पुढच्या भेटीत सांगितलं, मुरूम गेले तरी रात्रीचं औषध काही महिने चालू ठेवा. त्यावर घरात पुन्हा दोन तट पडलेच. "बघ, केमिकलची सवय लागते," आजी म्हणाली आणि केसांना लावायचं तेल कोमट करायला गेली. ते ती गेली साठ वर्षं रोज करते.

बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या नारिंगी ठिपक्यांची ती चादर आईने धुऊन गॅलरीत वाळत घातली होती. समोरच्या इमारतीतल्या काकू दोन दिवस ती न्याहाळत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी गॅलरीतूनच विचारलं, "अहो वहिनी, हे डिझाइन सोलापुरात कुठल्या दुकानात मिळालं? आमच्याकडे पाहुण्यांना द्यायला सहा हवी होती."